विश्लेषण : टीव्हीला चुंबक लावणारा कलावंत! नाम जून पाइक यांनी घरातल्या पडद्याकडे पाहण्याची नजर कशी बदलली?

पिक्चर ट्यूबचा टीव्ही ज्यांच्या घरात होता, त्यांना दोन गोष्टी नक्की आठवतील. पडद्यावर मुंग्या आल्या की कुणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचे. आणि जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक पडद्याजवळ नेले की चित्र वाकडे होऊन रंग पसरायचे, मग मोठ्यांचा ओरडा बसायचा. कोरियात जन्मलेल्या नाम जून पाइक यांनी टीव्ही असाच मुद्दाम बिघडवला आणि कलादालनात मांडला. त्यांना आज व्हिडीओ कलेचे जनक मानले जाते. पडदा बोलणार आणि घरातले ऐकणार, अशा काळात त्यांनी पाहणाऱ्याला पडद्यात ढवळाढवळ करू दिली. ते कोण होते, त्यांनी नेमके काय केले आणि हातात स्मार्टफोन असलेल्यांनी त्यांची आठवण का ठेवावी, याविषयी...

व्हिडीओ कला म्हणजे काय?

सिनेमात गोष्ट असते, बातम्यांत माहिती असते, जाहिरातीत विकायची वस्तू असते. व्हिडीओ कलेत यांपैकी काहीच नसू शकते. कलावंत कॅमेरा, पडदा, चित्रफीत आणि कधी कधी प्रेक्षकाची हालचालही रंग आणि कॅनव्हाससारखी वापरतो. त्यामुळे ही कलाकृती पडद्यावर काय दिसते एवढ्यापुरती नसते. पडदा कुठे ठेवला आहे, तो उभा आहे की आडवा, समोर कोण बसले आहे, हेही तिचाच भाग असते.

अशा कलाकृतीसमोर पहिल्यांदा उभे राहिल्यावर यात काय कला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. बिघडलेला टीव्ही, कुंड्यांमध्ये ठेवलेला टीव्ही, बुद्धमूर्तीसमोर ठेवलेला टीव्ही. मात्र ते पाहून घरी परतल्यावर आपल्याच दिवाणखान्यातला टीव्ही थोडा वेगळा दिसू लागतो. इतकी वर्षे आपण त्या खोक्याकडे पाहत होतो ते केवळ कार्यक्रमासाठी, खोक्याकडे कधी पाहिलेच नव्हते, हे लक्षात येते. पाइक यांना हेच साधायचे होते.

सोलमधला मुलगा जर्मनीत कसा पोहोचला?

पाइक यांचा जन्म २० जुलै १९३२ रोजी सोलमध्ये झाला. तेव्हा कोरियावर जपानची सत्ता होती. घर श्रीमंत, वडिलांचा कापडाचा मोठा उद्योग. पाच भावंडांत हे धाकटे. लहानपणी पियानो शिकले आणि संगीतरचनाही करू लागले. १९५० मध्ये कोरियन युद्ध भडकले आणि कुटुंबाला देश सोडावा लागला. हाँगकाँगमार्गे ते जपानला पोहोचले. मायदेशी परतायला पाइक यांना पुढे ३४ वर्षे लागली.

टोकियो विद्यापीठातून १९५६ मध्ये ते सौंदर्यशास्त्राचे पदवीधर झाले. प्रबंधाचा विषय होता अरनॉल्ड शोएनबर्ग हा संगीतकार. पाश्चात्त्य संगीतातली सुरांची शेकडो वर्षांची चौकट मोडणारा, म्हणून शोएनबर्ग ओळखला जातो. संगीताच्याच पुढच्या शिक्षणासाठी पाइक पश्चिम जर्मनीत गेले. त्या वेळी कोलोनच्या नभोवाणी केंद्रात विजेच्या उपकरणांतून आवाज निर्माण करण्याचे प्रयोग चालू होते. वाद्याशिवाय संगीत निर्माण होऊ शकते, हे पाइक यांनी तिथे जवळून पाहिले.

जॉन केज यांची भेट निर्णायक का ठरली?

१९५८ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट इथल्या संगीत शिबिरात पाइक यांना अमेरिकी संगीतकार जॉन केज भेटले. केज यांच्या मते शांतता, खोकला, खुर्ची सरकल्याचा आवाज हे सारेच संगीतात येऊ शकते. पियानोच्या तारांत स्क्रू आणि रबराचे तुकडे अडकवून ते पियानोचा आवाजच बदलून टाकत. ठरलेल्या वस्तूला ठरलेले काम करू द्यायचे नाही, हा धडा पाइक यांनी त्यांच्याकडून घेतला.

१९६० मध्ये कोलोनमधल्या एका कार्यक्रमात पाइक पियानो वाजवता वाजवता थांबले, प्रेक्षकांत बसलेल्या केज यांच्यापाशी गेले आणि कात्रीने त्यांचा टाय कापला. त्यांच्या डोक्यावर शाम्पू ओतला आणि सभागृहातून निघून गेले. थोड्या वेळाने फोन करून त्यांनी कार्यक्रम संपल्याचे कळवले. हा वेडेपणा वाटेल. पण टाय ही पाश्चात्त्य प्रतिष्ठेची खूण होती आणि ज्यांना ते गुरू मानत त्यांच्याच गळ्यातली ती खूण त्यांनी कापली होती. याच काळात ते ‘फ्लक्सस’ या कलावंतांच्या गटात सामील झाले. कला संग्रहालयातून बाहेर काढून रोजच्या वस्तूंमध्ये आणि रोजच्या कृतींमध्ये शोधायची, ही त्या गटाची भूमिका होती.

१९६३ च्या प्रदर्शनात काय होते?

मार्च १९६३ मध्ये जर्मनीतल्या वुपरटाल शहरात, एका वास्तुविशारदाच्या बंगल्यातल्या ‘पारनास’ या कलादालनात पाइक यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. ते जेमतेम १० दिवस चालले. दारात नुकत्याच कापलेल्या बैलाचे मुंडके टांगलेले होते. आत वेगवेगळ्या वस्तू जोडलेले चार पियानो होते. उद्घाटनाच्या संध्याकाळी योझेफ बॉइस या कलावंताने कुऱ्हाड घेऊन त्यातला एक पियानो फोडला.

तेव्हा चर्चा झाली ती मुंडक्याची आणि फोडलेल्या पियानोची. कलेच्या इतिहासात मात्र नोंद झाली ती एका खोलीत मांडलेल्या डझनभर जुन्या टीव्ही संचांची. काही उभे होते, काही कुशीवर पडलेले. प्रत्येकाच्या आतले विजेचे जोडकाम पाइक यांनी बदलले होते. त्यामुळे चालू कार्यक्रमाचेच चित्र, पण एकीकडे ते ताणले जाई, दुसरीकडे त्याचे काळे-पांढरे उलटे होई. एका संचाला मायक्रोफोन जोडला होता. त्यात कुणी बोलले की पडद्यावर ठिपके आणि रेषा नाचू लागत.

यातला एक संच वाहतुकीत बिघडला होता. त्यावर चित्र येईना, फक्त एक आडवी रेघ दिसे. दुसऱ्या कुणी तो दुरुस्तीला पाठवला असता. पाइक यांनी तो कुशीवर ठेवला. आडवी रेघ उभी झाली आणि काळ्या पडद्यावर प्रकाशाची एक शांत रेषा उरली. ‘झेन फॉर टीव्ही’ या नावाने ही कलाकृती प्रसिद्ध झाली. आणखी एका संचाचा पडदा त्यांनी जमिनीकडे तोंड करून ठेवला होता. टीव्ही चालू, पण बघायचा कसा, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

चुंबक लावल्यावर चित्र का वाकते?

हे समजण्यासाठी जुन्या टीव्हीची रचना माहीत हवी. पिक्चर ट्यूबच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनचा एक झोत पडद्यावर सोडलेला असतो. पडद्याच्या आतल्या बाजूला असलेल्या लेपावर तो आदळतो, तिथे प्रकाशाचा ठिपका उमटतो. नळीच्या मानेभोवती असलेल्या तारांच्या वेटोळ्यांत वीज खेळवली की चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि हे क्षेत्र झोताला डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरवते. एका सेकंदात २५ किंवा ३० वेळा असा पूर्ण पडदा रंगवला जातो. डोळ्यांना मात्र सलग चित्र दिसते.

म्हणजे टीव्हीवरचे चित्र मुळातच चुंबकाने वळवलेले असते. बाहेरून आणखी एक चुंबक जवळ नेले की झोत ठरलेली वाट सोडतो आणि चित्र पिळवटते. झोत वरखाली फिरवणारी यंत्रणाच बंद पडली, तर सगळा प्रकाश एका रेघेत गोळा होतो. ‘झेन फॉर टीव्ही’तली रेघ दिसते ती याच प्रकारे.

पाइक यांनी १९६५ मध्ये एका काळ्या-पांढऱ्या टीव्हीच्या डोक्यावर घोड्याच्या नालेच्या आकाराचे मोठे लोहचुंबक ठेवले. ‘मॅग्नेट टीव्ही’ या नावाची ही कलाकृती आता न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे. चुंबक सरकवले की पडद्यावर प्रकाशाचे वेगळे फूल उमलते. स्टुडिओतून आलेल्या चित्रावर घरातल्या माणसाचा काहीच अधिकार नसतो, ही समजूत एका साध्या चुंबकाने खोटी ठरवली. त्यासाठी ना केंद्राची परवानगी लागली, ना महागडे यंत्र.

चंद्राचा आणि बुद्धाचा टीव्हीशी काय संबंध?

‘मून इज द ओल्डेस्ट टीव्ही’ या १९६५ च्या कलाकृतीत अंधाऱ्या खोलीत टीव्ही संच ओळीने मांडलेले असतात. चुंबकाच्या साहाय्याने पडद्यांवर प्रकाशाचे आकार घडवलेले असतात, कोरीपासून पूर्ण चंद्रापर्यंत. टीव्ही यायच्या आधी माणसे रात्री अंगणात बसून काय बघत असतील, तर चंद्र. त्यात ती चित्रे शोधत, गोष्टी रचत. कोरियात चंद्रावर ससा असल्याचे सांगतात. आपल्याकडेही चंद्राला शशी म्हणतात, म्हणजे ससा धारण करणारा. १९९६ मधल्या एका कलाकृतीत पाइक यांनी लाकडाचा छोटा ससा टीव्हीसमोर बसवला. पडद्यावर चंद्र आहे आणि ससा आपले घर दुरून बघतो आहे, एवढेच ते दृश्य.

त्यांची सर्वाधिक ओळखली जाणारी कलाकृती मात्र ‘टीव्ही बुद्ध’. १९७४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या प्रदर्शनात थोडी जागा रिकामी राहत होती, ती भरण्यासाठी त्यांनी आपल्याकडची बुद्धाची जुनी मूर्ती टीव्हीसमोर ठेवली. टीव्हीच्या मागे कॅमेरा लावला, त्याचा रोख मूर्तीकडे. त्यामुळे पडद्यावर त्या क्षणाचा बुद्ध दिसतो आणि बुद्ध स्वतःकडे पाहत राहतो. रेकॉर्डिंग नाही, बाहेरचा कार्यक्रम नाही. कॅमेरा आणि पडदा यांच्यात तेवढे एकच चित्र फिरत असते.

हे ध्यान आहे की स्वतःच्या प्रतिमेत अडकणे? पाइक उत्तर देत नाहीत. प्रेक्षक मूर्तीच्या मागे जाऊन उभा राहिला की तोही पडद्यावर येतो आणि प्रश्न त्याच्यापुरता खरा होतो. फोनचा पुढचा कॅमेरा चालू करून स्वतःला न्याहाळणाऱ्या आजच्या कुणालाही हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. त्याच वर्षीच्या ‘टीव्ही गार्डन’मध्ये त्यांनी दाट झाडांच्या कुंड्यांमध्ये टीव्ही आडवे ठेवले. पानांआडून पडदे लुकलुकतात, जणू तीही झाडीत उगवलेली फुले.

प्रयोगांची किंमत कुणी मोजली?

पाइक १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले. त्याआधी जपानमध्ये शुया आबे या अभियंत्याबरोबर त्यांनी ‘के-४५६’ नावाचा यंत्रमानव तयार केला होता. तो चालायचा, केनेडींचे भाषण ऐकवायचा आणि मागून कडधान्याचे दाणे टाकायचा! यंत्रे म्हणजे चकाचक, चूक न करणारी असतात, या कल्पनेची ती टिंगल होती.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना शार्लट मूरमन ही चेलोवादक भेटली. चेलो हे व्हायोलिनच्या घराण्यातले, गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचे मोठे वाद्य. पुढची अनेक वर्षे दोघांनी मिळून सादरीकरणे केली. फेब्रुवारी १९६७ मध्ये ‘ऑपेरा सेक्स्ट्रॉनिक’ या कार्यक्रमात मूरमन यांनी कमरेवरचे कपडे न घालता वादन केले आणि पोलिसांनी कार्यक्रम थांबवून दोघांनाही अटक केली. चित्रकलेत आणि साहित्यात नग्नता चालते, मग गंभीर संगीतातच का नाही, हा पाइक यांचा प्रश्न होता. कल्पना त्यांची असली तरी खटल्यात दोषी ठरल्या त्या मूरमन. शिक्षा स्थगित झाली, पण अर्धनग्न चेलोवादक हा शिक्का त्यांच्या नावाला चिकटला आणि त्यांच्या कारकिर्दीला त्याची झळ बसली. पाइक यांच्या आयुष्याची गोष्ट सांगताना हा हिशेब वगळता येत नाही.

दोन वर्षांनी, १९६९ मध्ये पाइक यांनी मूरमन यांच्यासाठी ‘टीव्ही ब्रा’ तयार केली. पारदर्शक प्लास्टिकच्या खोक्यांत दोन चिमुकले टीव्ही. चेलोच्या सुरांबरोबर त्यांवरची चित्रे बदलत. १९७१ मध्ये तीन टीव्ही एकावर एक रचून आणि त्यांवर तार ताणून त्यांनी चेलोच बनवला. घरात कोपऱ्यात ठेवायचे अवजड यंत्र इथे माणसाच्या अंगावर आले होते. घड्याळात आणि चष्म्यात पडदे आलेल्या आजच्या काळात त्यातली थट्टा अधिक स्पष्ट दिसते.

दूरचित्रवाणीच्या आत शिरल्यावर त्यांनी काय केले?

पाइक यांच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. ४ ऑक्टोबर १९६५ रोजी पोप सहावे पॉल न्यूयॉर्कला आले. त्या दिवशी पाइक यांनी सोनीच्या नव्या, हलक्या व्हिडीओ यंत्राने गर्दीचे चित्रण केले आणि त्याच संध्याकाळी एका कॅफेत ते दाखवले. सोनीचा प्रसिद्ध हलका कॅमेरा ‘पोर्टापॅक’ १९६७ मध्ये बाजारात आला, त्यामुळे या गोष्टीतल्या यंत्राविषयी अभ्यासकांत वाद आहे. तरीही गोष्ट टिकून आहे, कारण तिच्यातला बदल खरा होता. चित्रण करणे आणि ते लगेच दाखवणे हे तोवर मोठ्या केंद्रांच्याच हाती होते. आता एकट्या माणसाला ते शक्य होऊ लागले.

१९६९ मध्ये बॉस्टनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्राने काही कलावंतांना कार्यक्रम करायला बोलावले. पाइक यांच्या भागात प्रेक्षकांना सूचना दिल्या जात होत्या. डोळे मिटा, मग उघडा, आणि शेवटी टीव्ही बंद करा. प्रेक्षकाला खिळवून ठेवणे हाच ज्याचा धंदा, त्याच माध्यमातून पडदा बंद करायला सांगणारा हा कार्यक्रम होता. पुढे शुया आबे यांच्याबरोबर त्यांनी व्हिडीओ सिंथेसायझर बनवला. अनेक कॅमेऱ्यांची चित्रे एकत्र करून, त्यांत हवे ते रंग भरून, ती त्याच क्षणी वाकवणारे हे यंत्र. चित्र पियानोसारखे वाजवता यावे, ही संगीताच्या विद्यार्थ्याची जुनी हौस त्यात होती.

या यंत्राच्या आधारे १९७३ मध्ये ‘ग्लोबल ग्रूव्ह’ ही सुमारे अर्ध्या तासाची चित्रफीत तयार झाली. रॉक संगीतावरचा नाच, कोरियन पंखानृत्य, कवी अॅलन गिन्सबर्ग यांचा मंत्रघोष, जपानी शीतपेयाची जाहिरात, सारे एकापाठोपाठ, जणू कुणी भराभर चॅनेल बदलत आहे. पुढे जगातली कोणतीही वाहिनी घरबसल्या लावता येईल आणि कार्यक्रमांची यादी टेलिफोन डिरेक्टरीएवढी जाड होईल, असे भाकीत तिच्या सुरुवातीला होते. १९७४ मध्ये रॉकफेलर फाऊंडेशनला दिलेल्या अहवालात त्यांनी ‘इलेक्ट्रॉनिक महामार्ग’ ही कल्पना मांडली. रस्त्यांनी जशी शहरे जोडली तसे दळणवळणाच्या तारांनी आणि उपग्रहांनी माणसांना जोडावे, असा त्याचा आशय होता. इंटरनेट तेव्हा सर्वसामान्यांच्या कल्पनेतही नव्हते.

ऑर्वेल आणि किपलिंग यांना उत्तर कशासाठी?

जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ या कादंबरीत पडदा नागरिकांवर नजर ठेवतो. ते साल उजाडले त्याच दिवशी, १ जानेवारी १९८४ रोजी, पाइक यांनी ‘गुड मॉर्निंग, मिस्टर ऑर्वेल’ हा उपग्रहावरचा थेट कार्यक्रम घडवला. न्यूयॉर्क आणि पॅरिसमधले कलावंत एकाच पडद्यावर आले, जर्मनी आणि दक्षिण कोरियातही तो दिसला. न्यूयॉर्कमध्ये दुपार, पॅरिसमध्ये संध्याकाळ आणि सोलमध्ये पहाटेचे दोन. उपग्रहाचा संपर्क मधूनमधून तुटला, काही दृश्ये फसली. पाइक यांना त्याचे दुःख नव्हते, चुकांमुळेच कार्यक्रम खरोखर थेट आहे हे कळते, अशी त्यांची धारणा होती. पडदा पहारेकरी होऊ शकतो हे त्यांना मान्य होते, पण तो पूलही होऊ शकतो हे त्यांना दाखवायचे होते. त्याच वर्षी ते ३४ वर्षांनी कोरियात परतले.

दुसरे उत्तर रुडयार्ड किपलिंग यांना होते. पूर्व आणि पश्चिम कधीच एकत्र येणार नाहीत, या अर्थाच्या त्यांच्या ओळी जगभर तोंडी झाल्या. हे किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मले. त्यांचे वडील जे. जे. कला महाविद्यालयात शिकवत. पाइक यांनी १९८६ मध्ये ‘बाय बाय किपलिंग’ या कार्यक्रमात न्यूयॉर्क, सोल आणि टोकियो ही शहरे उपग्रहाने जोडून त्या विधानाला निरोप दिला. कोरियात जन्म, जपानमध्ये शिक्षण, जर्मनीत कलेची सुरुवात आणि अमेरिकेत वास्तव्य, असे आयुष्य जगलेल्या माणसासाठी हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

१००३ टीव्हींच्या मनोऱ्याचे पुढे काय झाले?

सोल ऑलिम्पिकच्या वर्षी, १९८८ मध्ये, पाइक यांनी सोलजवळच्या ग्वाचॉन इथल्या राष्ट्रीय कला संग्रहालयात ‘द मोअर, द बेटर’ हा १८.५ मीटर उंचीचा मनोरा उभारला. त्यात १००३ टीव्ही आहेत. हा आकडा ३ ऑक्टोबर या कोरियाच्या राष्ट्र स्थापना दिनावरून घेतलेला. १९९५ मध्ये त्यांनी अमेरिकेचा भव्य नकाशा निऑनच्या नळ्यांनी आखला आणि ३३६ टीव्हींनी भरला. प्रत्येक राज्यात त्या राज्याची लोकमनातली ओळख सांगणारी चित्रे आहेत, कॅन्ससमध्ये ‘विझार्ड ऑफ ऑझ’ हा सिनेमा, आयडाहोत बटाटे. राजधानी वॉशिंग्टनच्या जागी छोटा कॅमेरा आहे आणि पडद्यावर दिसतो तो समोर उभा असलेला प्रेक्षक. स्मिथसोनियनच्या अमेरिकी कला संग्रहालयात तो आजही पाहता येतो.

पण टीव्ही हीच कलाकृती असेल तर तो जुना झाल्यावर काय करायचे? कोरियातला मनोरा वारंवार बिघडू लागला आणि २०१८ मध्ये सुरक्षेच्या कारणाने बंद करावा लागला. पिक्चर ट्यूब आता कुणी बनवत नाही. सगळे पडदे सपाट केले तर मूळ कलाकृती राहत नाही आणि जुनेच ठेवले तर ती चालत नाही. अखेर ७३७ जुने पडदे दुरुस्त करून ठेवले गेले, २६६ छोट्या पडद्यांच्या जागी आकार तोच राखून एलसीडी बसवले गेले. २०२२ मध्ये मनोरा पुन्हा उजळला. ज्या खोक्याला आपण भंगारात काढले, ते जपण्यासाठी एका देशाच्या संग्रहालयाने अनेक वर्षे खर्ची घातली.

अखेरची वर्षे कशी गेली?

१९९३ मध्ये व्हेनिस बिएनालेत जर्मनीच्या दालनात पाइक आणि हान्स हाके यांच्या कलाकृती मांडल्या गेल्या आणि त्या दालनाला गोल्डन लायन हा सर्वोच्च सन्मान मिळाला. १९९६ मध्ये पाइक यांना पक्षाघात झाला. शरीराची डावी बाजू अधू झाली, चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. आयुष्यभर पियानो आणि यंत्रे हाताळणाऱ्या माणसासाठी हा आघात मोठा होता. त्यांच्या पत्नी शिगेको कुबोता या स्वतः नावाजलेल्या व्हिडीओ कलावंत होत्या. त्यांनी आपले काम बाजूला ठेवून त्यांची शुश्रूषा केली. तशा अवस्थेतही २००० मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयातल्या मोठ्या प्रदर्शनासाठी पाइक यांनी लेझर किरणांच्या नव्या कलाकृती केल्या.

२९ जानेवारी २००६ रोजी मायामी बीच इथे त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कमधल्या अंत्यविधीला जमलेल्यांनी शेजारी बसलेल्यांचे टाय कात्रीने कापले आणि ते तुकडे त्यांच्या पार्थिवाजवळ ठेवले. ४६ वर्षांपूर्वी केज यांचा टाय कापणाऱ्याला दिलेला हा निरोप होता. २००८ मध्ये सोलजवळच्या योंगिन शहरात त्यांच्या नावाचे कला केंद्र सुरू झाले.

भारतात याचा प्रतिध्वनी कुठे दिसतो?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, म्हणजे पाइक टीव्हीचा चेलो करत होते तेव्हा महाराष्ट्रात टीव्ही यायचा होता. त्यामुळे आपल्याकडे व्हिडीओ कला बहरली ती १९९० च्या दशकात. मुंबईत मात्र तिची पूर्वतयारी आधीच झाली होती. १९६९ मध्ये अकबर पदमसी यांनी ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केले आणि चित्रकारांच्या हाती कॅमेरा दिला. तिथे प्रयोग करणाऱ्या नलिनी मलानी यांनी पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर ‘रिमेम्बरिंग टोबा टेक सिंग’ हे मांडणशिल्प केले. त्यात टीव्हीचे पडदे पत्र्याच्या ट्रंकांमध्ये ठेवले होते. फाळणीत घर सोडताना हाती लागेल ते भरून नेलेली, घरोघरी माळ्यावर असणारी तीच ट्रंक. पाहणाऱ्याला तिच्याकडे पुन्हा बघावे लागले.

हातातल्या पडद्यासाठी याचा अर्थ काय?

पाइक यांची अनेक भाकिते खरी ठरली. जगभरची दृश्ये खिशात आली, एकटा माणूस चित्रण करून क्षणात प्रसारित करू लागला, सोलमधला मुलगा आणि सांगलीतला मुलगा एकच गाणे एकाच वेळी पाहू लागले. मात्र त्यांची आशा अर्धीच पूर्ण झाली. लोकांना पडद्यात हस्तक्षेप करता आला की ते मोकळे होतील, असा त्यांचा विश्वास होता. आज आपण पडद्याला दिवसभर बोटाने स्पर्श करतो, पण त्या प्रत्येक स्पर्शाची नोंद होते आणि त्यावरून पुढे काय दाखवायचे ते कंपनीची यंत्रणा ठरवते. १९६३ मध्ये मायक्रोफोनमध्ये बोलणाऱ्याच्या आवाजाने चित्र बदलत होते. आता चित्र बघणाऱ्यालाच घडवू पाहते. ऑर्वेल यांची भीतीही त्यामुळे पूर्ण मिटलेली नाही.

अशा वेळी पाइक यांची रीत उपयोगी पडते. ती साधी आहे. पडद्यावर काय चालू आहे ते थोडा वेळ विसरायचे आणि पडद्याकडेच बघायचे. तो कुठे ठेवला आहे, कोण चालवत आहे, आपल्याकडून काय घेतो आहे, हे विचारायचे. चुंबक लावून स्मार्टफोनचे चित्र वाकत नाही, कारण त्यात इलेक्ट्रॉनचा झोतच नाही. पण बॉस्टनच्या त्या कार्यक्रमातली शेवटची सूचना, म्हणजे पडदा बंद करण्याची, आजही कोणत्याही फोनवर पाळता येते.